पोराचं इंग्रजी आणि घरातली बाटली

तुमचं पोरगं किंवा नातवंड पहिलीत असेल, तर संध्याकाळी घरात आवाज येत असेल. "रेड म्हणजे लाल. यलो म्हणजे पिवळा. ब्लू म्हणजे निळा. ग्रीन म्हणजे हिरवा." सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीलाच इंग्रजी शिकवू लागले. आमच्या वेळी तसं नव्हतं. आम्ही पाचवीत गेलो, तेव्हा कुठं ए-बी-सी-डी पाहिली.

दिग्रसला आमच्या वर्गात एक आजीबाई येत. एकदा त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोट्टं इंग्रजी वाचते अन् मी नुसती त्याच्या तोंडाकडे पायत बसते. मले काय समजते त्यातलं?"

आम्ही विचारलं, "आजी, आज सकाळी काय काय झालं घरी?"

त्या म्हणाल्या, "काय होणार बाप्पा? लाईट गेली. मोटार बंद. मंग बोरवरून पाणी आणलं. नातवाले ग्लासभर दूध देल्लं. तेवढ्यात त्याची बस आली."

आम्ही म्हटलं, "आजी, तुम्ही पाच शब्द इंग्रजी बोललात." लाईट, मोटार, बोर, ग्लास, बस. वर्ग हसला. आजीही हसल्या.

म्हणजे पाहा, इंग्रजी शब्द आपल्या घरात आधीच येऊन बसले आहेत. मात्र येताना काहींचा अर्थ थोडा बदलला. लाईट म्हणजे उजेड. आपण विजेलाच लाईट म्हणतो. ग्लास म्हणजे काच, आणि काचेचा पेलाही. आपला ग्लास मात्र स्टीलचा असतो! बोर म्हणजे खोल भोक पाडणं. आपण त्यातून पाणी काढतो, म्हणून पाण्याच्या जागेलाच बोर म्हणू लागलो. आपल्या कापसाच्या मुलखात 'जीन' कोणाला ठाऊक नाही? तिथं कापसातून सरकी वेगळी होते. हा जीन आणि आगगाडीचं इंजिन, दोन्ही शब्द एकाच मुळातले आहेत. हे आम्हांलाही फार उशिरा कळलं.

सगळेच परके शब्द इंग्रजी नाहीत बरं का. चावी, बटाटा, पाव हे पोर्तुगीज लोकांकडून आले. चावीला इंग्रजीत 'की' म्हणतात. पोरगं चावीला 'की' म्हणालं, तर त्याचं बरोबर आहे.

आता पोराला मदत कशी करायची? आम्ही नवे मास्तर होतो तेव्हा शब्द नुसते घोकून घेत असू. "फ्रॉग म्हणजे बेडूक, फ्रॉग म्हणजे बेडूक." पोरं घडाघडा म्हणत. पण पावसाळ्यात अंगणात बेडूक उडी मारून गेला, तर एकाच्याही तोंडून 'फ्रॉग' निघत नसे. चूक आमची होती. वस्तू दाखवावी, मग तिचं नाव विचारावं. त्याला तुम्हांला इंग्रजी येण्याची गरज नाही.

आजीबाईंनी तेच केलं. मिरची दाखवली, पोरगं म्हणालं रेड. हळद दाखवली, यलो. कडुनिंबाचा पाला, ग्रीन. पोराला छंदच लागला. घरभर फिरता फिरता ते गोठ्यात गेलं आणि ओरडलं, "आजी, हे पाय, यलो!" कोनाड्यात फवारणीची बाटली होती. आजींनी त्याचा हात धरून त्याला मागं ओढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं, "गुरुजी, औषधाच्या बाटलीवर पिवळा रंग कायले असते?"

हा प्रश्न मोठा आहे. कपाशीवर कीड पडली, की आपण म्हणतो, औषध मारायचं आहे. औषध माणसाला बरं करतं. हे तसं नाही. आपण त्याला औषध म्हणतो, पण बाटलीवरचा इंग्रजी शब्द खरं सांगतो. तो शब्द आहे पॉयझन. पॉयझन म्हणजे विष.

सन २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं, ते तुम्ही विसरला नसाल. फवारणीची विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-मजूर दगावले. शेकडो दवाखान्यात पडले. कारणं अनेक होती. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर, अंगावर येई. दोन-तीन विषं एकत्र कालवली जात. हातमोजे, तोंडाला फडकं, काही नसे. नुसतं वाचता आलं असतं तर सगळे वाचले असते, असं आम्ही म्हणणार नाही. पण हातात काय आहे, हे तरी कळायला हवं.

बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. रंग तेच चार, जे पोरगं पहिलीत शिकतं. लाल रंग सर्वांत जहाल विषाचा. त्याच्यावरच्या अर्ध्या भागात माणसाची कवटी, दोन हाडं आणि पॉयझन हा शब्द असतो. पिवळा त्याच्या खालोखाल. तिथं कवटी नसते, पण शब्द पॉयझन हाच. लोक इथं फसतात. कवटी नाही, म्हणजे भीती नाही, असं समजतात. निळ्यावर डेंजर लिहितात. डेंजर म्हणजे धोका. हिरव्यावर कॉशन, म्हणजे जपून. हिरवं म्हणजे निर्धोक नव्हे, बाकीच्या तिघांपेक्षा कमी विषारी, एवढंच.

कृषी केंद्रातून बाटली घेताना आधी हा चौकोन पाहा. दुकानदाराला विचारायला लाजू नका.

फवारताना चक्कर आली, मळमळ झाली, डोळ्यांना अंधुक दिसू लागलं, तर काम तिथंच थांबवा. अंगावरचे कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर न्या. कोणतं विष पोटात किंवा अंगात गेलं, हे कळलं म्हणजे डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

आजीबाईंची बाटली आता कोनाड्यात नाही. गोठ्यातल्या पेटीत कुलूप लावून ठेवली आहे. चावी त्यांच्या पदराला असते. नातू तिला 'की' म्हणतो.