सूर्यप्रकाश, पिण्याचे पाणी आणि दैनंदिन स्वास्थ्य : कळंब परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

आरोग्याचा विचार करताना आहार, व्यायाम व औषधोपचार यांची चर्चा विपुल प्रमाणात होते. त्या तुलनेत सूर्यप्रकाश आणि पिण्याचे पाणी या दोन मूलभूत गरजा बहुधा गृहीत धरल्या जातात. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांना निसर्गाने या दोन्ही गोष्टी भरभरून दिल्या आहेत. येथे वर्षाकाठी ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळा सरताच सुमारे आठ महिने लख्ख ऊन असते. असे असूनही कर्जत तालुक्यातील अनेक आदिवासी वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पाणीटंचाईला तोंड द्यावे लागते. प्रस्तुत लेखात कर्जत-मुरबाड मार्गावरील कळंब व त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून सूर्यप्रकाश व पाणी यांचे शरीरातील कार्य स्पष्ट केले आहे. केवळ विपुलता पुरेशी नसते, तर योग्य वेळ आणि योग्य व्यवस्था हे घटक निर्णायक ठरतात, हे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

सूर्यप्रकाशाचे दुहेरी कार्य :

सूर्यप्रकाश शरीरावर दोन भिन्न मार्गांनी कार्य करतो. पहिला मार्ग डोळ्यांचा आहे. दृष्टिपटलातील काही विशिष्ट पेशींत मेलानोप्सिन नावाचे प्रकाशसंवेदी द्रव्य असते. या पेशी वस्तू पाहण्यापेक्षा उजेडाची नोंद मेंदूतील जैविक घड्याळापर्यंत पोहोचविण्याचे काम प्रामुख्याने करतात. सकाळचा उजेड मिळाला की मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवण थांबते, जागृती येते आणि रात्रीच्या झोपेची वेळही निश्चित होते. या घड्याळाच्या पेशीय यंत्रणेवरील संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या वा पडद्याच्या प्रकाशात आणि सकाळी बंद खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याची मरगळ ही पुष्कळदा आळसापेक्षा बिघडलेल्या घड्याळाची खूण असते.

दुसरा मार्ग त्वचेचा आहे. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण त्वचेतील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलचे रूपांतर करून ‘ड’ जीवनसत्त्वाची निर्मिती घडवितात. हाडांची बळकटी व स्नायूंचे कार्य यांसाठी ते आवश्यक असते. ‘सकाळचे कोवळे ऊन घेतले की ड जीवनसत्त्व मिळते’ हा समज सर्वत्र रूढ आहे, परंतु सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण वातावरणातच मोठ्या प्रमाणात शोषले जातात. येथे एक सोपी कसोटी उपयोगी पडते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल, तेव्हाच हे किरण पुरेशा प्रमाणात मिळतात. कळंबच्या अक्षांशावर (सुमारे १९ अंश उत्तर) मे महिन्याच्या मध्यास ही स्थिती सकाळी साडेनऊच्या सुमारासच येते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र ती साधारण साडेअकरा ते दीड एवढ्याच अवधीत असते. म्हणजे हिवाळ्यात मधल्या सुट्टीचे ऊन आणि उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ-दहाचे ऊन हितकारक ठरते. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत. सावळ्या त्वचेला थोडा अधिक वेळ लागतो. तथापि ठरावीक मर्यादेनंतर त्वचेतील निर्मिती वाढत नाही. त्यामुळे तासन् तास उन्हात बसण्याने अधिक लाभ होत नाही, उलट अपायच होतो.

पाण्याची गरज व तिचे प्रमाण :

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५० ते ६० टक्के पाणी असते. रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित वाढले तरी मेंदूतील संवेदक ते ओळखतात, तहान लागते आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू लागतात. ही यंत्रणा कार्यक्षम असली तरी तहान दाबून ठेवण्याची सवय तिला निष्फळ करते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तरुण स्त्रियांमध्ये शरीरवजनाच्या अवघ्या १.३६ टक्के पाणी घटल्यावर डोकेदुखी, एकाग्रतेचा अभाव व खिन्नता वाढल्याचे आढळले. दीर्घकाळ कमी पाणी पिण्याने मुतखड्याचा धोकाही वाढतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार निरोगी व्यक्तीने दिवसाला सुमारे २ लिटर, म्हणजे ८ ग्लास पाणी प्यावे. उष्ण हवेत व कष्टाच्या कामात हे प्रमाण वाढते. ‘आठ ग्लास’ हा मात्र सर्वांना सारखा लागू होणारा नियम नव्हे. पेज, ताक, भाजी व फळे यांतूनही पाणी मिळते. लघवीचा रंग फिकट पिवळा असणे ही पुरेशा पाण्याची व्यवहार्य खूण होय. थोड्या वेळात अतिरिक्त पाणी पिण्याने रक्तातील सोडियम घटून धोका संभवतो. हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे.

कळंब परिसराचे वास्तव :

कर्जतचा प्रदेश समुद्रापासून आत असल्याने सागरी वाऱ्याचा गारवा येथे क्षीण होतो आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. याच काळात ठाकूर व कातकरी समाजातील स्त्री-पुरुष राबभाजणी करतात. अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर असतात. तीव्र उन्हात घामावाटे तासाला एक लिटर वा त्याहून अधिक पाणी जाऊ शकते. नेमक्या याच वेळी विहिरी आटतात. सह्याद्रीचा तीव्र उतार व बेसॉल्टचा कठीण कातळ यांमुळे पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. याच पट्ट्यात घाटमाथ्याच्या पाण्यावर खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) ही जलविद्युत केंद्रे उभी राहिली, ही बाब येथे लक्षणीय आहे. पाणी होते, ते साठविण्याची व वळविण्याची व्यवस्थाही झाली. ती उंचावरील वाड्यांपर्यंत पोहोचली नाही.

ऊन व पाणी यांचा तोल ढळल्यास काय घडते, याचे दुःखद उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. घामाचे बाष्पीभवन हाच शरीर थंड ठेवण्याचा प्रमुख उपाय असतो. पाणी अपुरे व हवा दमट असेल तर तो निकामी होतो.

महाविद्यालयांची भूमिका :

‘भरपूर पाणी प्या’ हा उपदेश पाणी व स्वच्छतागृह या दोन्हींची सोय असेल तरच अर्थपूर्ण ठरतो. दूरच्या वाडीतून येणारी विद्यार्थिनी स्वच्छतागृहाच्या अभावी दिवसभर पाणी टाळत असेल, तर तिच्या डोकेदुखीवर व्याख्यान हा उपाय नव्हे. या दृष्टीने पुढील बाबी विचारार्ह आहेत :

१. प्रत्येक मजल्यावर पिण्याचे पाणी आणि विद्यार्थिनींसाठी वापरण्यायोग्य स्वच्छतागृह असावे. परीक्षागृहातही पाणी पिण्याची मुभा असावी.
२. शारीरिक शिक्षण व राष्ट्रीय सेवा योजनेची श्रमाची कामे मार्च ते मे या काळात सकाळी दहापूर्वी संपवावीत.
३. हिवाळ्यात मधली सुट्टी मोकळ्या जागेत घालविण्यास उत्तेजन द्यावे.
४. सेवा योजनेच्या शिबिरांतून जलसंजीवनी तयार करण्याची पद्धत (१ लिटर स्वच्छ पाणी, सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ) शिकवावी. तसेच पारदर्शक प्लास्टिक बाटलीतील नितळ पाणी ६ तास कडक उन्हात ठेवून जंतुविरहित करण्याची रीतही शिकवावी. आकाश ढगाळ असल्यास त्यासाठी सलग दोन दिवस लागतात. रासायनिक प्रदूषण मात्र या रीतीने दूर होत नाही.

समारोप :

सूर्यप्रकाश व पाणी यांना मूल्य द्यावे लागत नाही, असे म्हटले जाते. कळंब परिसरात पाण्याचे मूल्य डोक्यावरील हंड्याने आणि उन्हाचे मूल्य घामाने चुकविले जाते. उन्हाची वेळ पाळणे हा व्यक्तीच्या विवेकाचा भाग आहे, तर पाणी हाताशी असणे हा संस्थेच्या व शासनाच्या कर्तव्याचा भाग आहे. आरोग्यविषयक प्रबोधन या दोहोंपैकी केवळ पहिल्या भागापुरते मर्यादित राहिले, तर ते ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. अध्यापकवर्गाने आपल्या महाविद्यालयाच्या आवारातून या कामाचा आरंभ करणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे.