भिशीचे चाळीस हजार आणि घरातला नवा लॅपटॉप

थोरल्या लेकीला बी.कॉम.ला प्रवेश मिळाला आणि त्याच महिन्यात आमची भिशी लागली. मोहल्ल्यातल्या वीस जणींची भिशी, महिन्याला दोन हजार. हातात आले चाळीस हजार. घराची कौले, दादीच्या डोळ्याचे ऑपरेशन, धाकट्याची फी, सगळी कामे त्या पैशांकडे बघत उभी होती. शेवटी दादीनेच निकाल दिला, "माझा डोळा हिवाळ्यात बघू. पोरीच्या शिक्षणाचं आधी बघा." म्हणून पैसे संगणकासाठी ठरले. पण ठरले तशी धास्तीही वाटू लागली, कारण संगणक घेताना आम्ही एकदा चुकलेलो आहोत.

आम्ही चिपळूणचे. जुलै २०२१ च्या पुरात पाणी घरात शिरले तेव्हा आम्ही माणसे, कुरआन शरीफ आणि कागदपत्रांची पेटी माळ्यावर नेली. टेबलाखालचा सीपीयू खालीच राहिला. त्यात मरहूम अब्बांचे बरेचसे फोटो होते. ते गेले. मुलांचे वर्ग तेव्हा मोबाइलवर चालायचे, म्हणून घाईघाईने आम्ही दुकानातला सर्वात स्वस्त लॅपटॉप उचलला. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. सहा महिन्यांत जागा भरली. विंडोज अपडेट मागायचे, जागा नसायची. एक फॉर्म भरायला बसले की चहा उकळून गार व्हायचा, तरी पान उघडलेले नसायचे. मिस्त्रीकडे नेला तर तो म्हणाला, "यात काहीच वाढवता येत नाही. सगळं बोर्डालाच चिकटवलेलं आहे."

त्या वाक्यातून आम्ही जे शिकलो ते या वेळी उपयोगी पडले. नंतर वाढवता येत नाही त्यावर आज पैसे घालावेत, आणि नंतर वाढवता येते ते आज थोडे कमी असले तरी चालवून घ्यावे.

आधी काम, मग वस्तू

दुकानात जाण्याआधी आम्ही सगळे दस्तरख्वानावर बसून एक यादी केली. लेकीला टॅली, एक्सेल आणि प्रोजेक्ट टाइप करायचे. धाकट्याला अभ्यासाचे व्हिडिओ. आम्हाला शिष्यवृत्तीचे आणि सरकारी फॉर्म, बँक, दुबईतल्या चाचांशी व्हिडिओ कॉल. दादीला तिलावत ऐकायची. यादीत ना गेम होते, ना सिनेमाचे एडिटिंग. म्हणजे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही, आणि 'गेमिंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या मशीनचीही नाही.

टॅली विंडोजवर चालते. म्हणून क्रोमबुक आणि अ‍ॅपलचा विचार तिथेच संपला. ज्यांना फक्त इंटरनेट, व्हिडिओ आणि टायपिंग एवढेच लागते त्यांना क्रोमबुक पुरते, पण आमचे काम तेवढ्यावर भागणारे नव्हते.

डेस्कटॉप की लॅपटॉप यावर घरात बराच वाद झाला. त्याच पैशात डेस्कटॉप अधिक ताकदीचा मिळतो, बिघडला तर सुटा भाग बदलता येतो आणि मोठ्या पडद्यामुळे मान वाकत नाही. पण कोकणातल्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएसचा वेगळा खर्च येतो आणि तो काही मिनिटेच साथ देतो. लेकीला कॉलेजातही न्यायचा होता. आणि पाणी वाढू लागले तर लॅपटॉप पिशवीत घालून माळ्यावर नेता येतो, हे आम्ही कसे विसरणार? लॅपटॉप ठरला.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत

दुकानदार 'आय५ आहे, आय५' म्हणतो आणि आपण मान हलवतो. नुसत्या आय३, आय५ वरून काही कळत नाही. पुढचा क्रमांक वाचावा लागतो. आय३-१३१५यू मधले पहिले दोन अंक म्हणजे तेरावी पिढी. आय५-१०३५जी१ म्हणजे दहावी पिढी. बाराव्या-तेराव्या पिढीचा आय३ दहाव्या पिढीच्या त्या आय५ पेक्षा जलद चालतो. शेवटचे 'यू' अक्षर कमी वीज खाणारा प्रोसेसर दाखवते; रोजच्या कामाला तोच बरा.

एएमडीच्या रायझेनमध्ये गंमत वेगळी आहे. ७५२०यू आणि ७५३०यू हे दोन्ही 'रायझेन ५', दोन्ही सातने सुरू होणारे. पण तिथे तिसरा अंक महत्त्वाचा. २ म्हणजे जुनी रचना, ३ म्हणजे तिच्यानंतरची. नाव एकच, वेगात फरक. सेलेरॉन किंवा इंटेल एन१०० सारखे छोटे प्रोसेसर फक्त हलक्या कामाचे; चार वर्षे एकच मशीन चालवायचे असेल तर ते टाळलेले बरे.

रॅम किमान ८ जीबी हवी. विंडोज ११ चार जीबीवर सुरू होते खरे, पण सुरू होणे वेगळे आणि काम करू देणे वेगळे. ८ जीबी घेताना एक प्रश्न हमखास विचारावा, "रॅम पुढे वाढवता येईल का?" दुकानदाराच्या शब्दावर राहू नये. चालू मशीनवर टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' बघावी. तिथे किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते लिहिलेले असते. 'रो ऑफ चिप्स' असे दिसले तर ती रॅम बोर्डाला जोडलेली आहे. अशा मशीनला दुसरा मोकळा स्लॉट नसेल तर सुरुवातीलाच १६ जीबीचे घ्यावे, नाहीतर ते सोडावे.

साठवण एसएसडीच हवी. जुन्या फिरत्या हार्डडिस्कपेक्षा ती कितीतरी जलद असते. खोक्यावर 'ईएमएमसी' लिहिले असेल तर ते आमच्या पुरानंतरच्या लॅपटॉपचेच भावंड समजावे. ५१२ जीबी उत्तम. एसएसडी बदलता येण्यासारखी असेल तर २५६ वरही भागते.

पडदा नंतर बदलायचा म्हटले तर खर्च फार येतो. म्हणून फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०, आणि आयपीएस असावा. हलक्या पडद्यावर थोडे बाजूने पाहिले की रंग उडतात, चार जणांना एकत्र बघता येत नाही. कीबोर्डवर पाच मिनिटे खरेच टाइप करून बघावे. लेकीने दुकानात उभ्या उभ्या अर्जाचा मजकूर टाइप करून पाहिला आणि एक मशीन केवळ त्यावरून नाकारले.

'नो कॉस्ट' म्हणजे काय?

शहरातल्या मोठ्या दुकानात आम्हाला अठ्ठावन्न हजारांचे एक मशीन दाखवले. पातळ, चकचकीत, मागे दिवे लागणारे. लेकीचा चेहरा उजळला. विक्रेता म्हणाला, "चाळीस आता भरा, बाकीचे नो कॉस्ट ईएमआयवर. एक पैसा व्याज नाही."

आम्ही हप्त्याचा कागद मागून वाचला. अशा योजनांमध्ये बँक आपले व्याज लावतेच; तेवढी रक्कम विक्रेता सवलत म्हणून वळती करतो, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. वर प्रक्रिया शुल्क असते, आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांमधल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. ज्या घरात व्याजापासून दूर राहण्याचा प्रयत्न असतो त्यांनी 'नो कॉस्ट' हे शब्द बघून निर्धास्त होऊ नये. कागद वाचावा, शंका असेल तर आपल्या आलिमांना तो दाखवून विचारावे.

आमच्यापुरता निर्णय सोपा होता. यादीतले एकही काम त्या अठरा हजारांनी जास्त चांगले होणार नव्हते. लेक थोडा वेळ गप्प होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अब्बा, दिवे टॅलीला लागत नाहीत." आम्ही हसलो, पण तिने मन मारले हे आम्हाला कळले होते.

दुबईचा आणि जुना

चाचांनी फोनवर सांगितले, "मी येताना आणतो." हा मार्ग आपल्याकडे अनेक घरांत असतो. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम शुल्काशिवाय आणता येतो. पण वॉरंटी भारतात चालेल का, हे त्या मॉडेलच्या नावानिशी आधी विचारून घ्यावे. सगळ्यांचीच चालत नाही. तिकडच्या कीबोर्डवर इंग्रजीसोबत अरबी अक्षरे असतात आणि प्लगही वेगळा असतो. चार हजारांच्या बचतीसाठी बिघाडाच्या वेळी मशीन पुन्हा दुबईला पाठवायची वेळ आली तर बचत कसली?

मुंबईचे मामू म्हणाले, "लॅमिंग्टन रोडला कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप मिळतात." हा पर्याय वाईट नाही. ऑफिसात वापरलेली मशीन मजबूत बांधणीची असतात आणि त्यात रॅम, एसएसडी बहुधा बदलता येते. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालणारे, म्हणजे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढचे मशीनच बघावे. बॅटरी रिपोर्ट काढायला सांगावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही कळतात. पक्के बिल आणि काही महिन्यांची लेखी हमी मिळत नसेल तर उठून यावे. आम्हाला चार वर्षे निभावायची होती आणि मुंबईला वारंवार जाणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही नवाच घेतला.

बिलावर न दिसणारा खर्च

शेवटी तेराव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम आणि एक मोकळा स्लॉट, ५१२ जीबी एसएसडी असा लॅपटॉप छत्तीस हजार आठशेला ठरला. बिल करताना दुकानदाराने अँटिव्हायरस जोडला. आम्ही काढायला लावला. विंडोजमध्ये स्वतःचे संरक्षण असते, ते चालू ठेवून अपडेट करत राहिले की घरच्या कामाला पुरते.

मग तो म्हणाला, "ऑफिस मी फुकट टाकून देतो." फुकट म्हणजे चोरीचे. अशा कॉपीतून व्हायरस येतात हे एक, आणि दुसऱ्याच्या मेहनतीचा मोबदला बुडवून आपल्या मुलांचा अभ्यास सुरू करायचा हे दुसरे. लिब्रेऑफिस खरोखर मोफत आहे आणि प्रोजेक्टला पुरते. काही लॅपटॉपसोबत अस्सल ऑफिस येते. ते येते का, हे दर विचारतानाच विचारावे.

वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की मशीन आपण न्यायचे, जवळचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हेही लहान गावातल्या माणसाने विचारलेच पाहिजे. बिलावर सीरियल नंबर आहे ना, ते तिथेच ताडून घ्यावे.

घरी आल्यावर भाषा जोडल्या. मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्ये असतात, वेगळे पैसे पडत नाहीत. उर्दू उजवीकडून डावीकडे नीट लिहिली जाते, नस्तालीक फॉन्टही मिळतो. दादीने आपले नाव पडद्यावर उर्दूत उमटलेले पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

लॅपटॉप बैठकीच्या खोलीत, भिंतीवरच्या उंच फळीवर ठेवायचा नियम केला. उंच पुरामुळे, आणि बैठकीत यासाठी की मुले काय बघतात ते सगळ्यांसमोर असावे. पुरानंतरच्या त्या जुन्या लॅपटॉपवरून विंडोज काढून मोफत मिळणारे लिनक्स मिंट टाकून घेतले. उडत नाही, पण धाकट्याच्या व्हिडिओंना आणि टायपिंगला चालते.

नऊशे रुपयांचा एक पेनड्राइव्ह घेतला. मुलांचे दाखले, घराचे कागद आणि अब्बांचे जे थोडे फोटो नातेवाइकांच्या मोबाइलमधून परत जमले ते, अशी एक प्रत त्यात आणि एक मामूंकडे मुंबईत ठेवली. नवा लॅपटॉप उद्या बिघडला तर दुसरा घेता येईल. ते फोटो दुसऱ्यांदा गेले तर कुठून आणणार?

लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि माउस मिळून अडतीस हजार शंभर झाले. उरलेले एकोणीसशे आम्ही एका पाकिटात घातले आणि लेकीने त्यावर नव्या लॅपटॉपवर टाइप करून छापून आणलेली चिठ्ठी चिकटवली, 'दादीचा डोळा'. पुढच्या महिन्यापासून भिशीची नवी फेरी सुरू होते आहे. पहिले नाव, इन्शाअल्लाह, त्याच पाकिटाचे.