आयर्विन पुलावर किती?

वणीजवळचे आमचे राजूर म्हणजे कोळशाच्या खाणीचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. इथल्या मराठीच्या प्राध्यापकाने सांगलीच्या पुलावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण माझी थोरली बहीण सांगलीच्या गावभागात दिली आहे. पावसाळा लागला, की फोनवर कुशल विचारण्याआधी मी विचारतो, "ताई, आयर्विनवर किती?"

सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकिर्दीत कृष्णेवर हा पूल झाला. 1929 साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे व्हाइसरॉय गेले, संस्थानही गेले. नाव मात्र पुलाला चिकटून राहिले.

पूल दगडी कमानींचा आहे. दगडाचा स्वभाव असा, की तो दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र सोसत नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो. वरचा भार या रेट्यातून खांबांत आणि खांबांतून पायात उतरतो. एकमेकांना धरून राहण्याची ही रीत एकत्र कुटुंबासारखीच म्हणायची!

परंतु सांगलीकरांना हा पूल ठाऊक आहे तो मुख्यतः मोजपट्टी म्हणून. इथे पाणी फुटांत मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. वरून कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळते. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. दोघीही भरून आल्या, की कृष्णेच्या पाण्याला पुढे लवकर वाट मिळत नाही आणि ते सांगलीत चढत जाते.

2005 च्या महापुरात पाणी 53 फुटांच्या पुढे गेले होते. तेव्हा ते ताईच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले. तेव्हापासून तिच्या सासऱ्यांचा तिसऱ्या पायरीवर फार विश्वास! 2019 च्या ऑगस्टमध्ये आकडा 45 च्या वर गेला, तरी ते हलेनात. "त्याच्या वर पाणी येत नसतं," असे म्हणून ते माडीवर जाऊन बसले. इकडे राजुरात माझ्या घशाखाली घास उतरेना.

शेवटी माझा भाचा म्हणाला, "आजोबा, पायरी मागच्या पुराचं सांगते. पूल आत्ताचं सांगतोय."

म्हातारा काही वेळ गप्प बसला. मग उठून त्याने देव्हाऱ्यातले देव पिशवीत घातले. त्याच दुपारी सगळे मिरजेला नातलगांकडे गेले. त्या वर्षी आयर्विनवरचा आकडा 57 फुटांच्या वर गेला. तिसरी पायरी कुठल्या कुठे राहिली.

त्या दिवाळीत मी भाऊबीजेला गेलो. "राजूरचा भाऊ आहेस, चुना घेऊन ये," असे ताईने थट्टेने म्हटले होते. मी खरोखरच नेला. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. जिन्याजवळ मात्र वीतभर जागा तशीच ठेवलेली दिसली. तिथे पुराच्या गाळाची रेघ होती, आणि तिच्याखाली सासऱ्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिले होते: "2019. यापुढे पुलाला विचारावे."