एक भिंत, दोन घरे

घर म्हटले की आपण चार भिंती म्हणतो. परंतु जुन्या गावात पुष्कळांच्या वाट्याला साडेतीनच येतात. चौथी निम्मी शेजाऱ्याची असते. अशा जोडघराचा थोडा विचार आपण करू.

इंग्लंडात विल्यम मॉरिस यांच्या विचारातून एक कलाचळवळ उभी राहिली. कारखान्यातील नकली नक्षीपेक्षा कारागिराच्या हातचे साधे काम बरे, आणि वीट ही वीटच दिसावी, असे तिचे म्हणणे होते. १८५९-६० मध्ये फिलिप वेब यांनी मॉरिससाठी तांबड्या, उघड्या विटांचे 'रेड हाउस' बांधले. हा विचार सामान्यांच्या घरापर्यंत नेणारे रेमंड अन्विन व बॅरी पार्कर हे नात्याने मेहुणे. लेचवर्थ हे नवे नगर आखीत असता १९०४ च्या सुमारास त्यांनी तेथे स्वतःसाठी जोडघरच बांधले. भिंतीचा खर्च वाटला गेला, आणि दोघांनाही तीन बाजू वाऱ्या-उजेडाला मोकळ्या राहिल्या.

आपल्या अंबाजोगाईकडची जोडघरे आराखड्यातून नव्हे, बहुधा वाटणीतून जन्मली. माळवदाचे घर आपण खणांनी मोजतो. भाऊ वेगळे झाले की खण मोजून वाटतात आणि मधली भिंत सामाईक राहते. ही भिंत पुष्कळदा दुहेरी असते: दोन्ही अंगांना दगड, पोटात खडी-माती. आरपार जाणारे लांब दगड तिच्यात नसतील, तर दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने हे फार मोठी किंमत घेऊन शिकविले.

भूकंपच कशाला? एकाने स्लॅबसाठी आपला भाग पाडला की सामाईक भिंतीचा आधार जातो. तिचे आजवर झाकलेले अंग उघडे पडते, पावसाने माती वाहते, भिंत पोट काढते. पलीकडच्या माळवदाचे मणामणांचे ओझे मात्र तसेच राहते.

इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी कळवावे लागते. आपणही शेजाऱ्याला आधी बोलवावे. पलीकडच्या तुळया खांबांवर आहेत की भिंतीत, हे जाणत्या अभियंत्याकडून दोघांनी मिळून पाहून घ्यावे. आधी टेकू, मग कुदळ. आणि उघडे पडलेले अंग मृगापूर्वी झाकावे. वाटणीत घर दुभागले, तरी भिंत दुभागत नाही. तिची काळजी दोघांचीच.