माजघरातला उजेड

कोकणातल्या जुन्या कौलारू घरांत माजघर मधोमध, खिडक्यांपासून लांब. तिथे उजेड यायचा तो छपरात बसवलेल्या एक-दोन काचेच्या कौलांतून. वरून येणारा उजेड थेट आत उतरतो; खिडकीतला मात्र ढोबळमानाने तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड-दोन पट अंतरापर्यंतच नीट पोचतो. वरची कड ७ फुटांवर असेल, तर साडेदहा ते १४ फूट. म्हणून घर बांधताना खिडकी रुंद करण्याआधी उंच करा, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते! फ्लॅटमध्ये ते जमत नसेल, तर निदान खिडकीचा वरचा भाग पडद्यांनी झाकू नका आणि छत पांढरंच ठेवा. वाचनाचं किंवा शिवणाचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी उत्तम, तिथला उजेड बराचसा एकसारखा असतो. पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून द्या. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं की उष्णता घरात शिरलेलीच असते.