एकल प्रदर्शनाचा धंदा : कारागिराने काय जाणून घ्यावे?

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने भूगाव, पिरंगुटकडे निघाले की फॅब्रिकेशन, सुतारकाम, दगडकाम करणाऱ्यांची दुकाने दिसतात. अशा दुकानात कधी एखादा शिल्पकार लोखंडी सांगाडा करून मागतो, तर कधी चित्रकार एकदम तीस फ्रेमा सांगतो. पुण्यात किंवा मुंबईत त्याचे एकल प्रदर्शन भरायचे असते. काम मोठे असते, तारीख ठरलेली असते. पण या धंद्याची रीत ठाऊक नसल्यामुळे कारागिराचे नुकसान होते.

आमच्या माहितीतील एका फ्रेमवाल्याने अशीच ऑर्डर तोंडी बोलण्यावर घेतली. लाकूड, काच, मजुरी सारे पदरचे घातले. प्रदर्शन झाले, चित्रे थोडीच खपली आणि "विक्री झाली की देतो" असे उत्तर मिळाले. पैसे हाती यायला वर्ष गेले. फ्रेमवाल्याचा चित्रांच्या विक्रीशी काय संबंध? पण कागद नव्हता, म्हणून तो गप्प बसला.

दालने दोन प्रकारची

एकाच कलावंताची कामे मांडली जातात ते एकल प्रदर्शन. ते जेथे भरते त्या दालनांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला भाड्याच्या दालनांचा. मुंबईतील काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तेथे एका आठवड्यासाठी दालन मिळावे म्हणून कलावंत कित्येक वर्षे थांबतात. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन, घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालन हीही याच पठडीतली. येथे भाडे, छपाई, वाहतूक, फ्रेमा हा सारा खर्च कलावंताच्या खिशातून होतो.

दुसरा प्रकार खासगी व्यापारी दालनांचा. ते भाडे घेत नाहीत, विक्रीतून कमिशन घेतात. हे कमिशन बहुधा ३० ते ५० टक्के असते. चित्र किंवा शिल्प विकले जाईपर्यंत मालकी कलावंताचीच राहते. दालनाकडे ते अमानत म्हणून असते. आपल्या व्यापाऱ्यांना अमानतीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हिशेब करून पाहू. समजा, एक ब्राँझचे शिल्प १ लाख रुपयांना विकले गेले. दालनाचे कमिशन ४० टक्के, म्हणजे ४० हजार. ओतकामाचे ३५ हजार. शिल्पकाराच्या हाती २५ हजार राहिले, आणि तेही विकले गेले तरच. म्हणून त्याचा हात आखडता असतो. हे समजून घ्यावे, पण त्याचा धोका आपल्या अंगावर घेऊ नये.

ओतकाम आणि साचा

शिल्पकार मातीत किंवा प्लास्टरमध्ये मूळ आकार करतो. त्यावरून साचा, साच्यातून मेणाची प्रत, मेणाभोवती उष्णता सोसणारे आवरण. मग मेण वितळवून काढून त्या जागी धातू ओततात. त्यानंतर घासकाम आणि रंगछटा. यातील बरेच काम कारागिराचेच असते.

एका साच्यातून ठराविक प्रतीच काढतात व प्रत्येकीवर क्रमांक घालतात. ३/८ म्हणजे आठांपैकी तिसरी. प्रती कमी म्हणून किंमत जास्त. साचा आपल्याकडे पडून आहे म्हणून नववी प्रत काढून विकली, तर तो सरळसरळ विश्वासघात ठरेल आणि कायद्यानेही गुन्हा होईल.

कायदा काय देतो?

उद्यम नोंदणी मोफत होते. ती काम घेण्याआधीच करून ठेवावी. नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाचे पैसे २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत मिळावयास हवेत; करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. हातांनी केलेली चित्रे आणि मूळ शिल्पे यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

जो स्वतः चित्रे काढतो त्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असे होत नाही. तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नंतर घातलेल्या ५३-अ कलमान्वये मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीस पुन्हा विकले गेले, तर कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्यात हिस्सा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे.

हे किती महत्त्वाचे आहे? पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरत. त्यांचे १९५४ मधील 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरला गेले. ते चित्र विकून हुसेन यांना त्या काळी काय मिळाले असेल, याची कल्पना करावी. परदेशातील लिलावात आपला कायदा चालत नाही, पण देशातील विक्रीत तरी हक्क सोडू नये.

माणसांच्या आकृती घडविण्यास ज्यांना संकोच वाटतो त्यांनाही हे क्षेत्र बंद नाही. अलीगढला १९३७ साली जन्मलेल्या झरीना हाश्मी यांनी रेषा, नकाशे आणि उर्दू अक्षरे यांवर नाव कमावले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे एकल प्रदर्शन भरले होते.

ऑर्डर घेताना

निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. बाकी रक्कम माल देताना मिळेल, विक्रीशी तिचा संबंध नाही, असे ऑर्डरवर लिहून सही घ्यावी. साचा कोणाकडे राहणार, वाहतुकीत मोडतोड झाल्यास भरपाई कोणाची, विमा कोण काढणार, हेही त्यातच लिहावे. मुळशीच्या पावसात लाकूड फुगते, म्हणून फ्रेमेला पूर्ण वाळलेलेच लाकूड वापरावे. दालनात लावलेली फ्रेम वाकली तर दुसरी ऑर्डर येत नाही.

आणि एकदा स्वतः जाऊन प्रदर्शन पाहावे. जहांगीरमध्ये तिकीट लागत नाही. आपण केलेली फ्रेम, आपण ओतलेले शिल्प तेथे कोणत्या किमतीला लागले आहे हे डोळ्यांनी पाहिले, की पुढच्या वेळी मजुरी सांगताना जीभ अडखळणार नाही.