सिलेक्टमध्ये पॅकेजचं फंक्शन

२००७ साली फ्लिपकार्ट बंगळूरच्या कोरमंगलातल्या एका फ्लॅटमध्ये सुरू झाली. आज तिथल्या स्टार्टअपमध्ये पुणे-कोल्हापूरची मुलं दिवसभर क्वेरी लिहीत बसलेली दिसतात. त्यातल्या ओरॅकलवाल्यांची नेहमीची अडचण म्हणजे पॅकेजमधलं फंक्शन क्वेरीतून बोलवायचं कसं?

आधी पॅकेजचं नाव, मग टिंब, मग फंक्शन: सिलेक्ट पगार_पॅकेज.कर(मूळ_वेतन) फ्रॉम कर्मचारी. पॅकेज दुसऱ्या स्कीमात असेल तर त्या स्कीमाचं नाव सर्वांत पुढे, आणि एक्झिक्यूटची परवानगीही हवी.

फंक्शनची नोंद पॅकेजच्या स्पेसिफिकेशनमध्येच असावी लागते. नुसतं बॉडीत लपलेलं फंक्शन क्वेरीला दिसत नाही. प्रोसीजर चालत नाही. पॅकेजमधला कॉन्स्टंटही थेट वाचता येत नाही, त्यासाठी तो परत करणारं छोटं फंक्शन लिहावं लागतं (कटकट आहे खरी!). सिलेक्टमधून बोलावलेल्या फंक्शनने टेबलात इन्सर्ट-अपडेट केलं, की ओआरए-१४५५१ ही चूक येते. क्वेरीतून फंक्शनला नावानिशी पॅरामीटर देण्याची सोय ओरॅकलच्या ११जी आवृत्तीपासून आली.

खरी गोम वेगाची. लाख ओळींवर फंक्शन लावलं, तर एसक्यूएल आणि पीएल-एसक्यूएल यांच्यात लाखभर खेपा होऊ शकतात. १२सी आवृत्तीतल्या ‘प्रॅग्मा यूडीएफ’ने हा खर्च बराच कमी होतो.